विहारपासून माहीमपर्यंत: अण्णांबरोबर मुंबईत चार दिवस

आम्हा चिपळूणकरांचं मुंबईला जाणं म्हणजे लग्न, बारसं, डॉक्टर, नाहीतर कुणाचं तरी दहावं-बारावं. फिरायला म्हणून कोण जातं? २०२५ च्या जुलैत मात्र मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, चार दिवस फक्त झाडं आणि पाणी बघायला गेलो. अण्णांचं वय ७६. ते यायला तयार होतील असं मला वाटलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "छत्री मोठी घे."

या जाण्याला मागचं कारण आहे, ते आधी सांगते. २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं. आम्ही माळ्यावर चढलो आणि खाली सिलिंडर भिंतीवर आपटल्याचा आवाज रात्रीपर्यंत ऐकत बसलो. पाणी ओसरलं आणि मागे चिखल राहिला. कपाटात, पुस्तकांत, देव्हाऱ्यात, शिलाई मशीनच्या चाकात, सगळीकडे तोच लालसर, गुळगुळीत, लोण्यासारखा चिखल. तिसऱ्या दिवशी खोऱ्याने तो ओढताना अण्णा थांबले, हातात गोळा घेऊन बघत राहिले आणि म्हणाले, "बाय, आपली पण माती असेल ह्यात."

१९९७ साली आमच्या वरच्या रानाची तोड अण्णांनी ठेकेदाराला दिली होती. कोकणात जंगल बहुतेक खाजगी मालकीचं. सातबारावर नाव असतं, गरज पडली की माणूस तोड देतो. ऐन, किंजळ, आसाणा, जे होतं ते सगळं दोन महिन्यांत कोळशाला आणि सरपणाला गेलं. त्या पैशांतून माझं बी.एड. झालं. आज मी शाळेत भूगोल शिकवते ती त्या झाडांच्या जिवावर. रानाखालचा झरा आधी मे अखेरपर्यंत वाहायचा, आता फेब्रुवारीतच खडक कोरडा पडतो. पश्चिम घाट कसा राखायचा यावरचा गाडगीळ समितीचा अहवाल २०१२ मध्ये लोकांपुढे आला तेव्हा विरोधाच्या सभेला अण्णाही गेले होते. त्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. गरज होती, आणि झाड तोडलं की पुढे काय काय होतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मुंबई का? चार दिवसांत, लोकलच्या अंतरात, एका नदीचा, मिठीचा, अख्खा जन्म-मरणाचा प्रवास बघायला मिळेल अशी जागा मला दुसरी ठाऊक नाही. वर राखलेलं जंगल, मध्ये तोडलेलं, खाली बुजवलेलं, आणि शेवटी कचऱ्यावर पुन्हा उगवलेलं.

पहिला दिवस, बुधवार २३ जुलै

रात्रीच्या गाडीने पहाटे दादर, तिथून लोकलने गोरेगाव. मावशीच्या घरी पोचलो तेव्हा तिची बाजारात जायची घाई चालली होती. दिव्याची अवस गुरुवारी आली होती, आणि गुरुवारी त्यांच्याकडे मासळी शिजत नाही, म्हणून गटारी बुधवारीच. "भावोजी, तुम्ही पडा जरा. आम्ही चिंबोऱ्या घेऊन येतो," म्हणाली. अण्णा पडले नाहीत, आमच्याबरोबरच आले.

जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे बाजारात खाडीचा माल जास्त. कोळीणबाईंच्या टोपलीत चिंबोऱ्या होत्या, नांग्या सुतळीने बांधलेल्या, तोंडाशी फेस, अंगाला काळा चिखल. मावशीने एक उलटी करून पोटाखालची पट्टी बघितली, रुंद आहे म्हणजे मादी, आणि लाखेची, म्हणजे अंड्यांनी भरलेली, आहे का ते अंगठ्याने दाबून पाहिलं. अण्णांनी विचारलं, कुठची?

"मालाडच्या खाडीची. तिवरांतली," बाई म्हणाल्या. आणि मग, न विचारता: "तिवरं हायेत तवर चिंबोरी हाय. पिल्लं तिथं मुळांत वाढतात ना. आमचा सासरा घराच्या मागं पकडायचा. आता आमाला होडी घेऊन आत जावं लागतं."

घराच्या मागे काय झालं, असं मी विचारलं. त्यांनी वजनाच्या काट्यावरून नजर न हलवता सांगितलं, "बिल्डिंग."

मावशीचा रस्सा झणझणीत होता. नांग्या पाट्यावर ठेचून त्याचं पाणी वाटणात घातलेलं, वर भाताचा डोंगर. आमच्या गप्पा २००५ वर जाणार हे ठरलेलंच होतं. त्या २६ जुलैला मावशी कुर्ल्याच्या ऑफिसात होती. दुपारी दोनला बाहेर पडली, गुडघ्याइतकं पाणी होतं. अर्ध्या तासात कमरेला. एका दुकानाच्या शटरला कुणीतरी दोरखंड बांधून पलीकडच्या खांबापर्यंत ओढला होता, त्याला धरून वीस-पंचवीस माणसं एका रांगेत चालली. तिच्या पुढचा माणूस मागे वळून वळून "ताई, आहे ना?" विचारत होता. त्याचं नाव तिला शेवटपर्यंत कळलं नाही. रात्र एका अनोळखी कुटुंबाच्या पोटमाळ्यावर काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती गोरेगावला पोचली. चपला नव्हत्या.

सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एवढा पाऊस कुठल्याही गावाला जड गेला असता, हे खरं. वर साडेचार मीटरच्या आसपासची भरती. पण पाणी मिठीतून बाहेर पडायला वाट उरली नव्हती हेही तितकंच खरं. मुंबईत चारशेहून जास्त माणसं गेली. मावशी हे सांगत होती आणि अण्णा ताटावर हात तसाच ठेवून ऐकत होते. आमच्या २०२१ बद्दल ते तिच्याशी प्रथमच बोलले.

दुसरा दिवस, गुरुवार २४ जुलै

सकाळी लवकर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. जाणाऱ्यांसाठी: सोमवारी बंद असतं, स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं, आणि फाटकापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. उद्यानाची बस मिळते. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर बसच घ्या. शेवाळामुळे कान्हेरीच्या पायऱ्या भयंकर निसरड्या होतात, म्हणून खाचांच्या तळव्याचे बूट घाला. माकडं पिशवी ओढतात, खाण्याचं बाहेर दिसू देऊ नका.

१०३ चौरस किलोमीटरचं हे जंगल एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध कसं उरलं? पाण्यामुळे. इंग्रजांनी १८६० मध्ये मिठीवर विहार तलाव बांधून पूर्ण केला, १८७९ मध्ये तुळशी. तलावात गाळ जाऊ नये आणि पाणी नितळ राहावं म्हणून भोवतीचे डोंगर राखावे लागले. म्हणजे झाड आणि पाणी यांचं नातं दीडशे वर्षांपूर्वी कारभाऱ्यांना कळत होतं. त्या वेळी गावं उठवली गेली, तेही विसरू नये. पण आज दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या मुंबईच्या चारही नद्या याच डोंगराळ पट्ट्यातून निघतात.

बसमधून उतरलो आणि पावसाची जोराची सर आली. आम्ही एका मोठ्या झाडाखाली उभे राहिलो. सुरुवातीची पाच-सात मिनिटं खाली जवळजवळ काहीच नाही, नुसता वर पानांवर ताशा. मग थेंब थेंब सुरू झाला. सर थांबली, बाहेर ऊन पडलं, आणि आमच्या झाडाखाली पाऊस चालूच. मी घड्याळ लावलं. बाहेरचा पाऊस थांबल्यावर २३ मिनिटं झाडाखाली थेंब पडत होते. अण्णांनी बुंध्यावर हात ठेवला, सालीवरून पाण्याची बारीक धार उतरत होती आणि मुळाशी पालापाचोळ्यात शिरत होती. ती पुढे बाहेर पडताना कुठेच दिसत नव्हती. सात वर्षं मी वर्गात फळ्यावर बाण काढून हे शिकवलं आहे: पान थेंबाचा मार कमी करतं, पाचोळा पाणी धरतो, मुळांनी केलेल्या वाटांनी ते खाली मुरतं. एवढं साधं. पण बाण काढणं वेगळं आणि २३ मिनिटं उभं राहून बघणं वेगळं.

अण्णांनी पाचोळा बाजूला केला. चार बोटं खोल काळी, भुसभुशीत माती. बोट सहज आत गेलं. "आमच्या वर आता पार टिचून बसते," ते म्हणाले. उघड्या जमिनीवर थेंब सरळ येऊन आपटतो, मातीचे कण उडतात, छिद्रं बुजतात, वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, पळतं, आणि पळताना माती घेऊन जातं.

वाटेच्या कडेला कारवी होती. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून मरते. इथली आदल्याच वर्षी, २०२४ मध्ये फुलली होती. वाळलेल्या करड्या काठ्या उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी दोन-दोन, चार-चार पानांची हिरवी रोपं, इतकी दाट की पाय ठेवायला जागा नाही. उताराची माती या मुळांनी धरलेली असते. मेलेली पिढी काठी होऊन उभी आणि पुढची पायाशी, मध्ये एकही पावसाळा रिकामा नाही! गुडघ्यावर बसून मी एक रोप बघितलं. पान खालून फिकट, कडा करवती, बोटाला खरखरीत. उपटलं नाही, इथून काही न्यायचं नसतं.

कान्हेरीची लेणी शंभरावर आहेत, आणि मला त्यांत सगळ्यात आवडतं ते पाणी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. जुन्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटलं आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दान देऊन ती खोदवली. वरच्या उघड्या कातळावर छिन्नीने पन्हळी कोरल्या आहेत, हाताच्या पंज्याएवढ्या रुंद. पाणी पन्हळीतून टाक्यात, टाकं भरलं की पुढच्या पन्हळीत, तिथून खालच्या टाक्यात. पाऊस ओसरून तास झाला तरी पन्हळी वाहत होत्या. खडकावर पाणी मुरत नाही हे त्या भिक्षूंना माहीत होतं, म्हणून त्यांनी ते हाताने थांबवलं. जिथे माती होती तिथे हे काम जंगल करत होतं. आपण मात्र जंगलही काढलं आणि टाकीही खोदली नाहीत.

परतताना दहिसर नदीच्या पुलावर थांबलो. उद्यानाच्या आत तिचं पाणी नितळ, तळाचे दगड दिसतात. हीच नदी बाहेर पडल्यावर वस्तीतून कशी जाते ते बोरिवलीकरांना सांगायला नको.

संध्याकाळी मावशीने पाटावर दिवे मांडले. पितळी समया, निरांजनं, आणि कणकेचे गोड दिवे तुपाबरोबर.

तिसरा दिवस, शुक्रवार २५ जुलै

श्रावण लागला आणि पाऊस सकाळपासून धरूनच बसला. मावसभावाने रजा घेतली होती. त्याचा एक मित्र गोरेगावच्या आरे दूध वसाहतीत राहतो, वारली आहे. त्याच्या ओळखीने आम्ही त्यांच्या पाड्यावर गेलो. आरेत २७ पाडे आहेत. तिथली माणसं दूध वसाहत १९४९ मध्ये आली त्याच्या आधीपासूनची. एक विनंती: ओळख नसताना पाड्यात घुसून फोटो काढू नका. ती लोकांची घरं आहेत.

मित्राच्या आजी अंगणात पडवीखाली भाजी निवडत बसल्या होत्या. कुर्डू, टाकळा, आणि पिशवीभर कंटोळी. शेवळं विचारली तर म्हणाल्या, ती जूनची, आता संपली. त्यांनी आम्हाला काळा चहा दिला आणि अण्णांकडे बघून विचारलं, "तुमच्याकडं रान हाय?"

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "होतं. मी तोड दिली."

मी श्वास रोखून बसले. आजी रागावतील किंवा गप्प होतील असं मला वाटलं. त्यांनी टाकळ्याचं एक देठ मोडलं आणि विचारलं, "खोडं ठेवली का मुळं पण काढली?"

खोडं ठेवली होती, मुळं काढली नव्हती, अण्णा म्हणाले. "मग फुटलं आसंल की. चरायला कोण जातं तिथं?"

गुरं जातात, आणि दर उन्हाळ्यात वणवा लागतो. आजींनी मान हलवली. पुढची पंधरा मिनिटं दोघं जे बोलले ते मी नुसती ऐकत होते. वणव्याला आडवा पट्टा कसा काढायचा. ऐनाचा फुटवा किती उंच झाला की गुरं तोंड लावत नाहीत. एका खोडाला दहा फुटवे आले तर दोनच ठेवायचे, बाकीचे काढायचे. अण्णा शाळकरी मुलासारखे ऐकत होते. रान गेलं म्हणजे कायमचं गेलं असं त्यांनी २८ वर्षं धरलं होतं. खोड जिवंत असेल तर रान परत उभं राहतं, हे त्यांना एका पडवीत कळलं.

आजींच्या पाड्याजवळ वाघोबाचं ठाणं आहे, शेंदूर लावलेला दगड. बिबट्या रात्री येतो, म्हणाल्या, कुत्रं नेतो, आपण अंधारात एकटं जायचं नाही, पोरांना बॅटरी द्यायची. त्यांच्या बोलण्यात भीती होती, तक्रार नव्हती. बिबट्याची जागा कमी झाली की तो जास्त दिसतो आणि लोकांना वाटतं तो वाढला, असं त्यांचा नातू म्हणाला.

तिथून आम्ही मेट्रो कारशेडच्या बाजूने गेलो. पत्र्यांच्या आणि भिंतीच्या आड काय आहे ते रस्त्यावरून फारसं दिसत नाही. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर काही तासांतच, इथे करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर २,१४१ झाडं गेली होती. पुढे कारशेड कांजूरमार्गला हलवायचं ठरलं, सरकार बदललं, २०२२ मध्ये ते परत आरेत आलं. मावसभाऊ त्या रात्री तिथे होता. तो म्हणाला, "ताई, अंधारात फक्त आवाज यायचा. आधी करवतीचा, मग एक मोठा श्वास सोडल्यासारखा, आणि मग आपटल्याचा. आम्ही मोजत होतो. पस्तीसनंतर मोजणं सोडलं."

मेट्रोला माझा विरोध नाही, लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला ती हवीच. माझं म्हणणं जागेबद्दल आहे. ही जमीन मिठीच्या उगमाकडची, पाणी पसरायची आणि मुरायची जमीन आहे. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे रोपं लावू, असं तोडीच्या वेळी कागदावर लिहितात. रोप दुसऱ्या जागेचं पाणी धरील, या जागेचं नाही. आणि धरील तेही वीस वर्षांनी, जगलं तर.

आरेच्या पूर्वेच्या अंगाला एका लहान पुलावरून आम्ही मिठी बघितली. पवई तलाव भरून वाहत होता, विहार अजून भरायचा होता. मिठीत आरेच्या ओहोळांचं पाणी होतं. वीस पावलांत ओलांडता येईल एवढी नदी, दोन्ही काठांना गवत, एक खंड्या तारेवर. पुलाच्या एका बाजूने गवताळ, झाडांच्या उतारावरून ओहोळ येत होता, पाणी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखं पण आरपार. दुसऱ्या बाजूने नव्याने खणलेल्या जागेतून एक येत होता, गढूळ, दुधाळ तांबडा. दोघं मिळाले तिथे काही अंतर दोन रंग शेजारी शेजारी वाहिले, आणि मग सगळंच तांबडं झालं. अण्णांनी छत्रीच्या टोकाने दाखवलं, "हीच ती. आपल्या कपाटातली."

आरेत पावसात जायचं असेल तर: रस्त्यांवर खड्डे फार, दुचाकी सांभाळून चालवा. जळवा नाहीत पण डास मरणाचे. आणि अंधार पडायच्या आत बाहेर या.

रात्री टाकळ्याची भाजी, मूगडाळ आणि भाकरी. पिशवी आजींनी दिली होती, पैसे घेतले नाहीत.

चौथा दिवस, शनिवार २६ जुलै

वीस वर्षं झाली. मावशी सकाळी देवाजवळ जरा जास्त वेळ बसली. नंतर म्हणाली, "मी पण येते आज." तारीख ठरवताना आम्ही हे मनात धरलं नव्हतं, रजा तशा मिळाल्या.

आरे स्थानकातून आम्ही भुयारी मेट्रोने धारावीला गेलो. गाडी गार, स्वच्छ, वेळेवर. मावशी पहिल्यांदाच बसली होती. वांद्रे-कुर्ला संकुल सोडल्यावर गाडी मिठीच्या पात्राखालून जाते. मी हे सांगितलं तेव्हा मावशीने वर छताकडे बघितलं आणि माझा हात धरला.

हे संकुल उभं आहे ती मुळात मिठीच्या मुखाजवळची खाजणाची जमीन, भरतीचं पाणी यायचं आणि तिवरं वाढायची अशी. वरून पूर आला की पाणी तिथे पसरायचं, आणि भरती असेल तर ओहोटीपर्यंत थांबायचं. खाजण भरून टाकलं, पात्र आवळलं. वर विमानतळापाशी नदीला धावपट्टीला वळसा घालायला लावला. जवळजवळ अठरा किलोमीटरची नदी, आणि तिला कुठेही पाय पसरायला जागा ठेवली नाही. तिवरांची तोड मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच, पुरानंतर काही महिन्यांत थांबवली. २०१८ मध्ये तर, तिवरं नष्ट करणं हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, असं म्हटलं. कायदा आहे. राडारोड्याचे ट्रकही रात्री येतातच.

धारावीहून टॅक्सीने महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मुंबईत राहूनही हे न पाहिलेली किती माणसं भेटली! मावशी त्यांतलीच. मिठीच्या काठावरची ३७ एकर जागा, इथे शहराचा कचरा टाकत असत. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. आज आत गेलात तर रस्त्याचा आवाज पन्नास पावलांत मंदावतो. करंज, जांभूळ, सावर, बांबू, वेली वर चढलेल्या, पायाखाली शेवाळ. एका ठिकाणी वाटेच्या कडेची माती पावसाने थोडी खचली होती आणि आत प्लास्टिकची एक फाटकी पट्टी, बाटलीची काच आणि चपलेचा पट्टा दिसत होता. त्या चपलेतून एक मूळ आरपार गेलं होतं, करंगळीएवढं जाड. अण्णा वाकून किती तरी वेळ ते बघत राहिले.

"किती वर्षं झाली म्हणालीस ह्याला?"

झाडं लावायला सुरुवात होऊन चाळीसएक वर्षं, मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. बोटांवर काहीतरी मोजलं.

उद्यानाच्या कडेने पलीकडे मिठी आणि तिवरं दिसतात. ओहोटी होती. चिखलातून तिवराची श्वसनमुळं पेन्सिलींसारखी हजारोंनी वर आलेली, आणि त्यांच्यामध्ये निवटे, चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होते. प्रत्येक मुळाला पिशवी, चिंधी, काहीतरी अडकलेलं. गाळही अडकलेला. कालच्या पुलावरचा तांबडा रंग इथपर्यंत येतो आणि या मुळांत थोडा थांबतो. मावशी बुधवारच्या कोळीणबाईंची आठवण काढत म्हणाली, "म्हणजे चिंबोरी पण असल्याच मुळांतून की गं."

इथे यायचं तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटीला या. रोहित पक्षी बघायचे असतील तर ऐरोलीची बोटीची फेरी करा, पण ती हिवाळ्या-उन्हाळ्यातच, पावसाळ्यात नाही.

शेवटी माहीम. कॉजवेवर रहदारीत उभं राहणं कठीण, पण दोन मिनिटं उभे राहिलो. खाडीचं पाणी समुद्रात शिरत होतं, तपकिरी पट्टा दूरवर करड्या पाण्यात गेलेला. मावशी म्हणाली, त्या माणसाने दोरखंडावर सारखं विचारलं नसतं तर ती हात सोडणार होती. वीस वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांनी तिच्या डोक्यावर छत्री धरली.

संध्याकाळी एका रोपवाटिकेतून अण्णांनी अकरा रोपं घेतली: ऐन चार, किंजळ तीन, जांभूळ दोन, आणि करंज दोन. आणायची असतील तर उंच रोपं घेऊ नका. वीतभर उंचीची, पिशवीत घट्ट मातीची घ्या आणि खोक्यात उभी दाबून बसवा, गाडीत हलत नाहीत. आम्ही ती खालच्या बाकाखाली ठेवली. पनवेलनंतर दिवे मालवले तरी अण्णा जागे होते. म्हणाले, "ह्या अकरांनी काही होत नाही, माहिती आहे मला. खरं काम खोडांचं आहे. फुटवे राखायचे. आणि पट्टा डिसेंबरातच काढून ठेवायचा, फेब्रुवारीत उशीर होतो."

परत आल्यावर दुसऱ्याच रविवारी आम्ही वर गेलो. जुनी खोडं करवंदीच्या जाळीत शोधावी लागली. ४३ सापडली, त्यांतल्या ३१ ना जिवंत फुटवा आहे. मी वहीत प्रत्येकाची जागा लिहिली आहे. अकरांपैकी नऊ रोपं आजपर्यंत आहेत. दोन करंज गुरांनी खाल्ले, तिथे अण्णांनी आता काटेरी कुंपण घातलं आहे.